कारण विचारलेलं नाही

कोर्टाच्या आवारात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना फुंकवकील म्हणत. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या माणसाला पोलीस यंत्राच्या नळीत फुंकायला लावतात, आणि त्या फुंकेतून माणसाला सोडवून आणण्यात या वकिलांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. चहावाला, कारकून, खुद्द सरकारी वकीलसुद्धा तोंडावर "काय फुंकवकील" म्हणायचे आणि ते हसण्यावारी न्यायचे. स्वतः ते थेंबाला शिवत नसत. बायको म्हणायची, "सगळ्यांची उतरवता उतरवता तुम्हाला चढायला वेळच कुठे मिळाला."

त्यांची कामाची एक रीत होती. नवा अशील आला की आधी त्याला पाणी द्यायचे आणि मग गप्प बसवायचे. मित्राचा वाढदिवस होता, दोनच घेतल्या होत्या, घर जवळच होतं, अशी कहाणी प्रत्येकाकडे तयार असायची. वकिलांना ती नको असायची. "किती प्यायलात ते तुमच्यापाशी ठेवा," ते सांगायचे. "पोलिसांनी काय काय केलं तेवढं बोला." गाडी कशासाठी थांबवली, नळी नवी लावली की आधीच्याचीच होती, यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं, रक्त कुणी काढलं. आणि सगळ्यात आवडता प्रश्न शेवटी: फुंकायच्या आधीची पंधरा मिनिटं पोलीस तुमच्यासमोर होता का?

नियमच तसा होता. त्या वेळात माणसानं काही तोंडात टाकलं, चूळ भरली, ढेकर दिली तरी यंत्राचा आकडा चुकू शकतो, म्हणून पोलिसानं समोर उभं राहून बघत राहायचं. भर रस्त्यात एकट्या पोलिसाला ते कुठलं जमायला. मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो, नजर हलतेच. त्या हललेल्या नजरेवर वकिलांचं घर चाललं, लेकीचं शिक्षण झालं. नियम सरकारलाही लागू आहेत हे कुणीतरी रोज उठून सांगायला हवं, असं ते मनापासून मानत. त्यात खोटं काही नव्हतं.

एकुलती एक लेक चांगल्या घरात पडली. व्याह्यांचं चष्म्यांचं मोठं दुकान होतं. आता ते मुलगा बघायचा आणि व्याही कडक इस्त्रीच्या कपड्यांत समारंभांना अध्यक्ष म्हणून जायचे. वकिलांच्या धंद्याचं त्यांना अवघड वाटायचं. लग्नाच्या मांडवात त्यांनी चारचौघांत ओळख करून दिली होती, "हे आमचे व्याही. जमिनीच्या कामांचे वकील आहेत." वकिलांनी हातातल्या ताटलीकडे बघून मान हलवली. नंतर प्रत्येक कार्यक्रमात ते जमिनीचेच वकील राहिले. एकदा तर कुणीतरी सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल सल्ला विचारला, आणि यांनी तो दिलाही.

तेच व्याही एका सकाळी वकिलांच्या कचेरीत आले. पक्षकार पुढच्या दारानं येतात, हे मागच्या बोळातून आले. दाढी केलेली नव्हती. खुर्चीच्या काठावर टेकून म्हणाले, "वकीलसाहेब, थोडं नाजूक आहे."

वकिलांनी पाणी पुढे केलं. आतून त्यांना गुदगुल्या झाल्या, हे खरं. इतक्या वर्षांनी जमिनीचं काम आलं, असा विनोद ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

प्रकार असा होता. जुन्या मित्राच्या निवृत्तीचं जेवण होतं, दुपारचं. तिथून निघाल्यावर पोस्टासमोरच्या चौकात व्याह्यांची गाडी दुभाजकावर चढली. तिथे एक वाहतूक पोलीसबाई होती. तिनं फुंकायला लावलं, आकडा बराच वर आला. गुन्हा नोंदला, पुढे रक्तही घेतलं, पण रक्ताची कुपी तपासणीला इतकी उशिरा पोहोचली की तिचा सरकार पक्षाला उपयोग नव्हता. उरला तो यंत्राचा आकडा.

"गाडीत आणखी कुणी?" वकिलांनी विचारलं. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. गाडीतला माणूस उद्या सरकारचा साक्षीदार होऊ नये एवढ्यासाठी.

"नाही," व्याही म्हणाले. "मी एकटाच."

"घरी माहीत आहे?"

"हो. पण बाहेर नको. परवाना गेला तरी एक वेळ चालेल, पण शिक्षा झाली तर मी तोंड कुठे दाखवू?"

वकिलांनी कागद ठेवून घेतले. फीचा विषय व्याह्यांनी काढला, वकिलांनी हात जोडले.

साक्षीच्या दिवशी पुकारा व्हायला वेळ होता. वकील कोर्टाच्या उपाहारगृहात चहा घेत होते, तेवढ्यात ती पोलीसबाई समोर येऊन बसली. अंगानं जाड, आवाजानं घोगरी. याआधी दोन-तीनदा वकिलांनी तिची उलटतपासणी घेतली होती, त्यामुळे ओळख होती.

"आज काय काय विचारणार ते आधीच सांगा," ती म्हणाली. "पाठ करून येते."

"तुम्हाला कसली पाठांतराची गरज," वकील म्हणाले.

तिनं पाव चहात बुडवला. "ती पोर बरी आहे ना?"

"कुठली पोर?"

"तुमच्या अशिलाची नात. मागच्या सीटवर होती की. बालवाडीतून घेऊन चालले होते तिला. गाडी चढली दुभाजकावर तेव्हा डोकं आपटलं असेल म्हणून मी आधी तिलाच बाहेर काढलं. अशी रडत होती, श्वास लागला होता तिला. कडेवर घेतलं आणि पोस्टाच्या भिंतीपलीकडे फिरवत राहिले. म्हटलं, आजोबांची ती दशा पोरीनं बघायला नको."

वकिलांनी कप खाली ठेवला. "कागदावर तर नाही हे."

"मुद्दामच नाही लिहिलं. पोर कागदावर आली की तिला चौकीत आणा, शंभर जण शंभर प्रश्न विचारणार. आई धावत आली, तिच्या हातात दिली. मग येऊन म्हाताऱ्यांची फुंक घेतली."

वकिलांच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा: म्हणजे पंधरा मिनिटं ही बाई समोर नव्हती. केस सुटली.

त्यानंतर त्यांना गोटी आठवली. त्यांच्या लेकीची मुलगी. सगळे तिला गोटी म्हणायचे, कारण ती कधी एका जागी थांबायची नाही. व्याह्यांना दुसरी नात नव्हती आणि वकिलांनाही नव्हती. पण केस आधी आठवली आणि गोटी नंतर, हे त्यांचं त्यांना कळलं, आणि समोर बसलेल्या बाईलाही ते कळलं असेल असं वाटून त्यांचे कान तापले. तिला काहीच कळलं नव्हतं. अशिलाचं आणि वकिलाचं नातंही तिला ठाऊक नव्हतं. ती उरलेला पाव खात होती.

प्रकृतीचं कारण सांगून त्यांनी त्या दिवशी पुढची तारीख मागून घेतली आणि थेट लेकीच्या छापखान्यात गेले. ती तिथे मुद्रितं तपासायची. बोटांना शाई लागलेली तशीच ती बाहेर जिन्यात आली.

"गोटी गाडीत होती?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"तू तिथे किती वाजता पोचलीस?"

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. दुकानात एखादी वस्तू मिळणार नाही हे आधीच माहीत असताना विचारून बघावं आणि तेच उत्तर मिळावं, तशी तिची नजर होती.

"बघा बाबा. एवढ्यासाठीच तुम्हाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "गोटीला लागलं का हे तुम्ही आधी विचाराल, की वेळ आधी विचाराल, याची मला खात्री वाटेना."

"लागलं होतं?" वकिलांनी विचारलं.

"कपाळाला टेंगूळ आलं होतं. पायरीवरून पडली म्हणून सांगितलं नव्हतं का तुम्हाला."

सांगितलं होतं. त्यांनी त्या टेंगळाला हळद लावली होती, आणि नीट बघून चालत जा म्हणून गोटीलाच रागे भरले होते.

"मला सांगायचं होतं," लेक म्हणाली. "ह्यांनी हात जोडले. म्हणाले, माझ्या बाबांचा चेहरा बघवत नाही, बाहेर कुठे बोलू नकोस. आणि तुमचं म्हणाल तर तुम्ही असल्या सगळ्यांना सोडवताच. मला वाटलं, तुम्हाला त्यात विशेष काही वाटायचं नाही."

"असं कसं वाटलं तुला?"

"कधी काही वाटलेलं दिसलं नाही म्हणून."

आतून तिला हाक आली आणि ती गेली.

संध्याकाळी त्यांनी व्याह्यांना कचेरीत बोलावून घेतलं. या वेळी व्याही पुढच्या दारानं आले, कारण बोळात कुणीतरी ओळखीचं उभं होतं.

"गोटी गाडीत होती, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "तिला काही झालं नाही," ते म्हणाले.

"मी ते विचारत नाही."

"कसं सांगणार होतो तुम्हाला? तुम्हालाच?" व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसले. "गाडी चढली तेव्हा मागून तिचा आवाजच येईना. मागे वळून बघायचा धीर होईना मला. त्या बाईनं दार उघडलं तेव्हा रडायला लागली. वकीलसाहेब, तिचं रडणं ऐकून मला बरं वाटलं हो. असा माणूस आहे मी."

व्याह्यांवर ओरडायचं असं ठरवून वकील बसले होते, पण कोणत्या तोंडानं ओरडणार हे त्यांना कळेना.

शेवटी ते कामाचं बोलले. एक प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर आलं की आकडा टिकणार नाही, तुम्ही सुटाल. पण त्या बाईवर ठपका येईल. ती समोर का नव्हती हे आपल्या दोघांना माहीत आहे. "प्रश्न विचारायचा की नाही, ते तुम्ही सांगा. किंवा मी कागद परत देतो, दुसरा वकील बघा."

"घरातली गोष्ट बाहेरच्यापुढे कुठे नेऊ," व्याही म्हणाले. नंतर रुमाल घडी करत, खाली बघून म्हणाले, "विचारा."

वकिलांना कागद त्याच क्षणी परत देता आले असते. रात्रभर ते त्यावर विचार करत राहिले. आपली नात म्हणून प्रश्न विचारायचा नाही, तर मग आजवर ज्यांच्यासाठी तो विचारला त्यांच्या गाड्यांत मागे कोण होतं? साक्षीदार नको म्हणून चौकशी केली होती, बाकी कधी केली नव्हती. आज मागे सरलो तर इतकी वर्षं केलं ते काय होतं, याचं उत्तर द्यावं लागेल. ते देण्यापेक्षा प्रश्न विचारणं सोपं होतं. याला ते कर्तव्य म्हणाले आणि झोपले.

तारखेला पोलीसबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी आकडा, वेळ, सही असं भराभर वदवून घेतलं. त्यांच्या टेबलावर इतर केसेसचा ढीग होता. मग फुंकवकील उठले.

"फुंक घेण्याआधीची पंधरा मिनिटं आरोपीवर सतत लक्ष ठेवायचं, हा नियम आपल्याला माहीत आहे?"

"हो."

"त्या पंधरा मिनिटांत आपण सलग आरोपीसमोर होतात? हो किंवा नाही."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. चहाच्या टेबलावर काय बोलणं झालं ते तिला आठवलं, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. हो म्हणाली असती तर ते खोटं आहे असं सिद्ध करायला वकिलांपाशी काही नव्हतं. चहावरचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तीही जाणत होती.

"नाही," ती म्हणाली. "कारण मी त्या वेळी..."

"कारण विचारलेलं नाही," वकील म्हणाले. "बास. एवढंच."

सरकारी वकिलांना तिला पुन्हा प्रश्न विचारून ते कारण बाहेर काढता आलं असतं. त्यांनी पुढची फाइल उघडली होती.

व्याही निर्दोष सुटले. निकालात न्यायाधीशांनी एक वाक्य घातलं की संबंधित कर्मचाऱ्यानं कोणतंही कारण नसताना नियमाकडे दुर्लक्ष केलं. बाहेर व्हरांड्यात व्याह्यांचे दोन मित्र भेटले, कुठल्याशा करारासाठी आलेले. व्याह्यांच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. त्यांनी वकिलांच्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "हे आमचे व्याही. असल्या कामात यांच्यासारखा वकील शोधून सापडायचा नाही." मित्रांनी हात मिळवले. हे ऐकायला वकिलांचे कान किती वर्षं आसुसले होते, आणि आता तो हात खांद्यावरून कधी निघतो असं त्यांना झालं.

जिन्याशी पोलीसबाई टोपी सारखी करत उभी होती. वकील तिच्याजवळ जाऊन थांबले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"बाई, माझं काम..."

"तुमचं काम तुम्ही केलंत," ती म्हणाली. "मीही आता शहाणी झाले. पुढच्या वेळी पोर रडली तर रडू देईन. नियमात बसेल ते."

ती जिना उतरून गेली.

निकालातल्या त्या वाक्यामुळे बाईची खात्यात चौकशी लागली. पगारवाढ थांबणार, बदली होणार, असं आवारात बोललं जात होतं. वकिलांनी ते लेकीला सांगितलं. तिच्याकडून काय हवं होतं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

"मग तुम्ही जाऊन सांगा ना खरं काय ते," लेक म्हणाली.

"मला नाही जाता येत. व्याही माझे अशील आहेत. त्यांच्या विरोधात जाईल असं मी बोलू शकत नाही, सनद जाईल."

हेही खरंच होतं. त्यांच्या तोंडून निघणारी प्रत्येक गोष्ट खरी असायची आणि तरी लेकीच्या समोर मान वर होत नव्हती.

"मी कुणाची वकील नाही," लेक म्हणाली. "मी जाते."

"तुला त्या घरात राहायचंय."

"ते मी बघेन."

चौकशीच्या दिवशी ते तिच्याबरोबर गेले, बाहेरच्या बाकापर्यंत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पोलीसबाई बसली होती. वकिलांना बघून तिनं तोंड फिरवलं, पण लेकीला मात्र तिनं लगेच ओळखलं.

"तुम्ही त्या मुलीची आई ना?" ती म्हणाली. "इथे कशा?"

"तुम्ही तेव्हा कुठे होतात ते सांगायला," लेक म्हणाली. "बाबा म्हणाले, आज चौकशी आहे."

"बाबा?" बाईनं लेकीकडे बघितलं, मग वकिलांकडे. तिला ते जुळवायला एक क्षण लागला. "म्हणजे ती पोर तुमची..."

"नात," वकील म्हणाले.

बाई रागावली असती, हसली असती, तरी चाललं असतं. तिनं मांडीवरची टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि आत हाक येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसली. त्यांच्या आणि तिच्या मध्ये बाकावर तीन माणसं बसतील एवढी जागा होती, आणि गर्दी असूनही तिथे कुणी बसलं नाही.

लेकीनं आत जाऊन सगळं सांगितलं. बाई सुटली नाही पूर्ण. पोरीची नोंद केली नाही याबद्दल तिला लेखी समज मिळाली. पगारवाढ आणि जागा मात्र राहिली. वकिलांना हे चहावाल्याकडून कळलं. बाई पुढेही साक्षीला यायची. दिसली की वकील वाट बदलायचे. तिनं कधी बदलली नाही.

लेकीच्या घरी व्हायचं ते झालं. सुनेनं चौकीत जाऊन घराची अब्रू काढली, असं व्याही जेवणाच्या टेबलावर म्हणाले, आणि त्या दिवसापासून सून ज्या वेळी जेवायला बसायची त्या वेळी ते बसेनासे झाले. जावई आधी मधल्या मधे चेंगरला, मग एके दिवशी त्यानंच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. व्याही गाडी चालवत राहिले. गोटीला त्यांच्या गाडीत बसवायचं नाही एवढं लेकीनं त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते आतल्या खोलीत गेले.

नव्या खोल्यांत सामान लावायला वकील गेले होते. लेक स्टुलावर उभी राहून पडद्याची दांडी बसवत होती, ते खालून दांडीचं एक टोक धरून होते. गोटी रिकाम्या खोक्यात बसून दुसऱ्या खोक्याशी बोलत होती.

"तुला माझी लाज वाटते का गं?" त्यांनी विचारलं. उलटतपासणीत ते असा प्रश्न कधीच विचारत नसत, ज्याचं उत्तर आधी ठाऊक नाही.

लेकीनं तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला.

"वाटते," ती म्हणाली. "पण चौकशी आहे हे तुम्ही मला येऊन सांगितलंत. न सांगता गप्प बसला असतात तर मला कुठून कळणार होतं."

"तेवढंच केलं मी."

"हो. तेवढंच केलंत." तिनं स्क्रू भोकात घातला. "जरा वर धरा बाबा, तिरकी होतेय."

त्यांनी दांडी वर धरली. हात भरून आले, तरी ती पुरे म्हणेपर्यंत त्यांनी ते खाली घेतले नाहीत.